‘केस बसली नाही’ म्हणजे नेमके काय?

वाचकांचे प्रश्न : शासकीय आरोग्य संरक्षण नाकारले गेल्यास

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरत असल्यामुळे या वेळचे सदर तिलाच दिले आहे. शासकीय योजनेतून उपचार मिळतील असे समजून माणूस रुग्णालयात जातो आणि तेथे, किंवा पुढे देयकाच्या वेळी, त्याला नकार मिळतो. चार पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझे वडील 63 वर्षांचे असून आमच्याकडे केशरी शिधापत्रिका आहे. छातीत दुखू लागल्यावर अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टरांनी बायपास शस्त्रक्रिया सुचवली. छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात महात्मा फुले योजनेसाठी कागदपत्रे दिली. चौथ्या दिवशी काउंटरवर सांगण्यात आले की ‘केस योजनेत बसली नाही, पैसे भरून करायचे असेल तर सांगा’. लेखी काहीही मिळालेले नाही. शिधापत्रिकेवर वडिलांचे घरातले नाव आहे आणि आधार कार्डावर शाळेतले; नकार त्यामुळे असेल का? अपील कोठे करावे?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : अपील कोठे करावे हे सांगण्याआधी नकार दिला कोणी, हे शोधावे लागेल, कारण ‘केस बसली नाही’ या तीन शब्दांत निदान चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात आणि त्या चारींचे दरवाजे वेगळे आहेत.

पहिली शक्यता ओळखपत्राची, म्हणजे आपण म्हणता तशी. नावे जुळत नसतील तर कार्डाची पडताळणी अडकते. पण हा उपचाराला दिलेला नकार नव्हे आणि त्यावर अपील करीत बसणे म्हणजे वेळ घालवणे आहे. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नावदुरुस्तीचा अर्ज द्यावा आणि तोपर्यंत, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे तहसीलदारांचे पत्र किंवा स्वयंघोषणापत्र, जुन्या शाळेच्या दाखल्यासह, रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णांना मदत करण्यासाठी योजनेने तेथे बसवलेल्या प्रतिनिधीकडे, द्यावे. दुसरी शक्यता अशी की रुग्णालय योजनेत अंगीकृत आहे, परंतु हृदयशस्त्रक्रियेसाठी नाही. रुग्णालयांना विशेषज्ञ सेवांनुसार मान्यता दिली जाते. एखाद्या ठिकाणी अस्थिरोगाच्या शस्त्रक्रिया योजनेतून होतात आणि हृदयाच्या होत नाहीत, हे बाहेरच्या फलकावरून कळत नाही. तिसरी शक्यता, उपचार यादीत नसण्याची किंवा तो केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असण्याची. असे राखीव उपचार खासगी रुग्णालयाला करता येत नाहीत, पण ‘योजनेत नाही’ आणि ‘आमच्याकडे योजनेतून होत नाही’ यांतला फरक काउंटरवर क्वचितच कोणी समजावून सांगतो. बायपास शस्त्रक्रिया योजनेत समाविष्ट आहे, त्यामुळे आपल्या बाबतीत तिसरी शक्यता मी बाजूला ठेवतो.

चौथी शक्यता मला सर्वांत संभाव्य वाटते. रुग्णालय रुग्णाची नोंद करून पूर्वमान्यतेची मागणी संगणकावरून पाठवते, पलीकडे बसलेले तपासणारे डॉक्टर अहवाल पाहतात आणि काही अपुरे वाटल्यास शंका काढून प्रकरण परत पाठवतात. अँजिओग्राफीची सीडी उघडत नाही, हृदयाच्या इकोचा अहवाल जोडलेला नाही, रक्तवाहिनीतील अडथळ्याचे प्रमाण लिहिलेले नाही, अशा त्या शंका असतात. रुग्णालयाने उत्तर दिले नाही तर प्रकरण तसेच पडून राहते आणि नातेवाइकांना मात्र ‘नामंजूर’ एवढेच ऐकवले जाते. प्रलंबित शंका आणि नामंजुरी या दोन निराळ्या अवस्था आहेत. पहिलीत चेंडू रुग्णालयाच्या अंगणात असतो, आणि तेथे वकिलापेक्षा एक चांगला लिहिलेला अहवाल अधिक उपयोगी पडतो.

म्हणून आजच आरोग्यमित्राकडे जाऊन नोंदणी क्रमांक, प्रकरणाची सध्याची स्थिती आणि पडद्यावर दिसणारा नेमका शेरा या तीन गोष्टी मागाव्यात. शेरा आहे तसा, तारीख-वेळेसह उतरवून घ्यावा. आरोग्यमित्राने टाळाटाळ केल्यास तेथूनच 155388 किंवा 18002332200 या योजनेच्या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करून नोंदणी क्रमांक सांगावा, स्थिती विचारावी आणि तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागावा. पुष्कळदा या एका दूरध्वनीनेच चौथ्या दिवसापर्यंत न सापडलेली सीडी सापडते.

त्याच वेळी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्यावा. तो लांब नसावा. ‘माझे वडील अमुक नोंदणी क्रमांकाने आपल्याकडे दाखल असून त्यांना अमुक डॉक्टरांनी बायपास शस्त्रक्रिया सुचवली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ही शस्त्रक्रिया होणार नसल्याचे आम्हांला अमुक तारखेला तोंडी सांगण्यात आले. पूर्वमान्यता नामंजूर झाली असल्यास तिचे कारण व दिनांक, आणि शंका प्रलंबित असल्यास तिचा तपशील, कृपया लेखी कळवावा. सर्व वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात.’ एवढे पुरे. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. मागणी केल्यापासून 72 तासांत रुग्णाला त्याचे वैद्यकीय अभिलेख देण्याचे बंधन वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या 2002 सालच्या विनियमांनी डॉक्टरांवर घातलेले आहे; अर्जात या तरतुदीचा उल्लेख केल्यास तो सहसा वाचला जातो. लेखी मागण्यावर मी इतका भर का देतो, असे काही वाचक विचारतात. तोंडी नकाराविरुद्ध अपील करणारा माणूस तक्रार निवारण समितीसमोर उभा राहिला की समोरची बाजू सरळ सांगते, आम्ही नकार दिलाच नव्हता, नातेवाईकच रुग्णाला घेऊन गेले. मग पुढची सगळी शक्ती नकार झाला होता हे सिद्ध करण्यात खर्ची पडते.

वैद्यकीय कारणावरून खरोखरच नामंजुरी आली असेल, तर आपल्या हृदयरोगतज्ज्ञांकडून त्या कारणाला थेट उत्तर देणारे पत्र घ्यावे. ‘रुग्णास शस्त्रक्रियेची गरज आहे’ असे मोघम पत्र कामाचे नाही. शेऱ्यात ‘औषधोपचार पुरेसे’ असे असेल तर औषधे किती दिवस दिली, तरीही छातीतले दुखणे का थांबले नाही, अँजिओग्राफीत कोणत्या रक्तवाहिन्यांत किती अडथळा आढळला, हे पत्रात यावे. त्या पत्रासह रुग्णालयाने फेरविचार मागावा आणि आपण तक्रारीची एक प्रत योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे द्यावी. त्यानेही न सुटल्यास जिल्हा तक्रार निवारण समिती आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते, तिने 30 दिवसांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे आणि तो मान्य नसल्यास पुढील 30 दिवसांत राज्य पातळीवरील समितीकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2020 पासून ही केंद्रीय योजना आणि राज्याची फुले योजना एकत्रितपणे, राज्य आरोग्य हमी सोसायटीमार्फत राबवली जाते. अर्जावर दोन्ही योजनांची नावे लिहावीत, म्हणजे ‘ही आमची योजना नव्हे’ असे म्हणायला जागा राहत नाही.

शेऱ्याची प्रत कोणीच देत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. राज्यातील नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास पुराव्यासह माफ. एरवी 30 दिवसांची मुदत असली तरी व्यक्तीच्या जीविताशी संबंधित माहिती 48 तासांत द्यावी, असे कायद्याचे कलम 7 सांगते. हे वाक्य अर्जाच्या पहिल्याच ओळीत असावे.

आता जे सर्वांत आधी सांगायला हवे होते ते. वडिलांचे हृदय समितीच्या 30 दिवसांसाठी थांबणार नाही. एका रुग्णालयातला नकार हा रुग्णाच्या कपाळावर मारलेला शिक्का नसतो. आजच्या आज पहिल्या रुग्णालयातील नोंद रद्द करून घ्यावी, कारण ती उघडी राहिली तर दुसरीकडे अडचण होऊ शकते, आणि हृदयशस्त्रक्रियेसाठी अंगीकृत असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात किंवा अशी सोय असलेल्या शासकीय रुग्णालयात नव्याने नोंदणी करावी. प्रकृती अचानक बिघडल्यास दूरध्वनीवरून पूर्वसूचना देऊन उपचार सुरू करण्याची आणि कागदपत्रे नंतर सादर करण्याची सोय योजनेत आहे. ती आरोग्यमित्राला आठवण करून द्यावी लागते. न्यायालयाचा मार्ग अर्थातच खुला आहे. शासकीय रुग्णालयांनी खाट नाही म्हणून अत्यवस्थ रुग्णाला परत पाठवणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या अधिकाराचा भंग ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात म्हटले आहे. परंतु उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करण्याची वेळ वरचे सर्व करूनही काही न हलल्यासच आणावी. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. विधी साहाय्याचा क्रमांक 15100 आहे, आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : माझ्या जावेला योजनेत दाखल केले, तरी रुग्णालयाने ‘मंजुरी येईपर्यंत’ म्हणून 40,000 रुपये अनामत घेतली आणि स्टेंटसाठी वेगळे पैसे घेतले. मंजुरी आल्यावरही रक्कम परत दिली नाही. पैसे योजनेकडून मिळतील का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : योजनेकडून मिळणार नाहीत, रुग्णालयाकडून मिळायला हवेत. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे अनेकांचे अर्ज चुकीच्या टेबलावर महिनोन्महिने पडून राहतात. ही योजना रोकडरहित आहे. आपण खर्च करून पावत्या सादर कराव्यात आणि शासनाने भरपाई द्यावी अशी तिची रचनाच नाही. रुग्णालयाला मिळणाऱ्या ठरावीक रकमेत खाटेचे भाडे, शुश्रूषा, शस्त्रक्रिया, भूल, औषधे, आवश्यक चाचण्या, शरीरात बसवायचे साहित्य, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एस. टी. अथवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे एका वेळचे भाडेसुद्धा धरलेले असते. तेव्हा मंजूर उपचारासाठी स्टेंटचे वेगळे पैसे घेणे म्हणजे एकाच वस्तूची किंमत दोनदा वसूल करणे होय.

तक्रार वर दिलेल्याच क्रमांकांवर आणि जिल्हा समन्वयकांकडे करावी. त्यात नोंदणीचा दिनांक, मंजुरीचा दिनांक आणि प्रत्येक रक्कम केव्हा दिली हे तीन रकाने करून लिहावे. नोंदणीनंतर घेतलेल्या पैशांबाबत आपली बाजू भक्कम आहे, नोंदणीआधीच्या खर्चाबाबत ती बरीच दुबळी होते. कच्ची चिठ्ठी मिळाली असेल तर तीही जोडावी, आणि रक्कम मोबाइलवरून दिली असल्यास बँकेचा उतारा काढावा, कारण तो नाकारता येत नाही. बाहेरच्या औषध दुकानातून औषधे आणायला लावली असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानाचे बिल एकत्र टाचावे. घरी सोडताना ‘आम्ही कोणतीही रक्कम दिलेली नाही’ अशा मजकुरावर सही घेतली गेली असेल तर तेही तक्रारीत स्वतःहून सांगावे. नंतर ते बाहेर आले तर आपलाच खोटेपणा ठरतो.

रुग्णालय धर्मादाय विश्वस्त संस्थेचे असेल तर आणखी एक दार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 अअ खाली मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या 2 टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत बाजूला काढावी लागते. या खाटांबाबतची तक्रार धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात जाते. ज्यांना योजनेतून खरोखरच नकार मिळाला आहे त्यांनी उत्पन्नाच्या दाखल्यासह हा अर्ज समांतर करावा, पहिल्याचा निकाल लागेपर्यंत थांबू नये.

प्रश्न : मी केंद्र सरकारचा निवृत्त कर्मचारी असून केंद्रीय आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे, कार्ड माझ्याकडे आहे. रात्री दोन वाजता पत्नीला पक्षाघाताचा झटका आला आणि शेजाऱ्यांनी जवळच्या रुग्णालयात नेले. ते मान्यताप्राप्त यादीत नव्हते. प्रतिपूर्तीचा दावा ‘यादीबाहेरील रुग्णालय’ एवढ्या शेऱ्यासह फेटाळला. माझे वय 76.
— एक वाचक, पुणे

उत्तर : केवळ यादीबाहेरचे रुग्णालय या कारणावरून दावा फेटाळणे टिकण्यासारखे नाही. शिवाकांत झा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2018 रोजी स्पष्ट सांगितले की, रुग्णालयाचे नाव शासनाच्या आदेशात नाही एवढ्यावरून वैद्यकीय दावा नाकारता येणार नाही. उपचार खरोखर घेतले का, आणि मान्यताप्राप्त डॉक्टर-रुग्णालयांच्या नोंदींनी ते सिद्ध होतात का, हे पाहिले पाहिजे. ते याचिकाकर्तेही निवृत्त अधिकारीच होते.

मात्र हा निकाल नुसता जोडून भागत नाही. आणीबाणी होती हे आपल्याला दाखवावे लागेल, आणि पक्षाघातात ते तुलनेने सोपे असते. झटका किती वाजता आला, रुग्णालयात किती वाजता पोहोचलात, सीटी स्कॅन किती वाजता झाला, या वेळा रुग्णालयाच्या कागदांवर असतात. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून मान्यताप्राप्त रुग्णालय किती लांब होते आणि तेथे जाण्यात किती वेळ गेला असता, हे डॉक्टरांच्या आणीबाणी प्रमाणपत्रात यावे. दोन्ही रुग्णालयांमधील अंतराचा साधा नकाशा छापून जोडावा. रक्कम योजनेच्या दरांनुसार मिळेल, संपूर्ण देयकाएवढी मिळेलच असे धरून चालू नये.

हे सर्व जोडून पुण्याच्या अतिरिक्त संचालकांकडे फेरविचाराचे निवेदन द्यावे आणि पोच जपून ठेवावी, कारण पुढची मुदत तिच्यावर मोजली जाते. निवेदन फेटाळले तर त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज करता येतो. सहा महिने उत्तरच आले नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. मला भेटलेल्या निवृत्तांपैकी अनेकांनी सभ्यपणाने स्मरणपत्रे लिहिण्यातच ती घालवली आहे.

आपल्या पत्राच्या शेवटी ज्येष्ठांसाठीच्या आयुष्मान वय वंदना या केंद्रीय आरोग्य कार्डाविषयी विचारले आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता ते मिळते, परंतु सीजीएचएसच्या लाभार्थ्याला दोहोंपैकी एकच निवडावे लागते. बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे सीजीएचएसमध्ये मिळतात, वय वंदनेत नाहीत. आपण आहात तेथेच राहावे असे मला वाटते.

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात मी कंत्राटी कामगार आहे. पगारातून ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, पैसे दरमहा कापले जातात. मुलीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दवाखान्यात सांगितले की वर्गणी जमा झालेली दिसत नाही, म्हणून मोठ्या रुग्णालयाचे संदर्भपत्र मिळणार नाही.
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : कंत्राटदाराने रक्कम भरली नाही याची शिक्षा आपल्या मुलीला देता येत नाही. वर्गणी देय होती एवढे पुरेसे आहे, ती प्रत्यक्ष भरली गेली की नाही हा कर्मचारी राज्य विमा महामंडळ आणि मालक यांच्यातील प्रश्न आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये भारगथ इंजिनिअरिंगच्या प्रकरणात म्हटले आहे. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचे कलम 68 महामंडळाला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देत होते; आता त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

पगारपत्रकांच्या प्रती, हजेरी कार्ड आणि विमा क्रमांक घेऊन महामंडळाच्या शाखा व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार द्यावी, तिची प्रत उपप्रादेशिक कार्यालयाला द्यावी, आणि कारखान्याला मुख्य मालक या नात्याने कळवावे, कारण कंत्राटदाराने न भरलेली वर्गणी भरण्याची जबाबदारी कायद्याने कारखान्यावर येते. बहुतेक वेळा हे तिसरे पत्रच काम करते. कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाला महामंडळाची तपासणी नको असते. तरीही नकार कायम राहिला तर कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागता येते. पगारपत्रक मिळत नसेल आणि पगार बँकेत जमा होत असेल, तर बँकेचा उतारा आणि कंत्राटदाराने दिलेले गेटपास चालतात. गेटपासवर तारखा असतात, म्हणून ते फेकू नयेत.